टेक्सासच्या झाडाला शिरूरची पत्री

माझ्या सासऱ्यांच्या हाती कुठलीही वस्तू दिली की ते आधी ती दुरुस्त करतात, मग ती बिघडलेली असो वा नसो. मी त्यांना मामा म्हणते. गहिनीनाथमामांचा जन्म ऊसतोडीच्या टोळीत गेला, पण त्यांचं नाव झालं ते पत्र्या मारण्यात. डांबरी रस्त्यावर उसाची गाडी ओढताना बैलाचे खूर झिजू नयेत म्हणून खुराखाली लोखंडी पत्री ठोकतात. पुढे ट्रॅक्टर आले, बैल गेले आणि मामांची हातोडी पलंगाखाली जाऊन पडली.

यंदा ती मीच बाहेर काढली. पुण्याच्या सुरेखाताई परदेशी माल पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याचं काम बायकांना घरी वाटून देतात. भाद्रपदात त्यांनी मला नाताळचं काम दिलं. झाडाला टांगायचे बोटभर बूट, दोरीचे छोटे फास आणि लोखंडी नाल, प्रत्येकी दोनशे. माल पसंत पडला तर वर्षभर काम मिळणार होतं आणि नवरा अभिमन्यू एकटाच टोळीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून जाणार होता. नाही पडला तर दोघांनी मिळून कोयता धरायचा. सायली, आमची मुलगी, जूनमध्ये पहिलीत गेली होती. दुकानांच्या पाट्या नुकत्याच वाचायला लागली होती. मी उसाच्या फडात गेले की ती माझ्यासोबत पाचटाच्या झोपडीत, कोपीवर, येणार आणि शाळा इथेच शिरूरला राहणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. कारण माझं स्वतःचं तसंच झालं होतं.

नाताळच्या झाडाला बूट कशाला, असं मामांनी विचारलं. मी त्यांना सुरेखाताईंचा निरोप फोनवर ऐकवला. अमेरिकेत टेक्सास म्हणून मुलूख आहे. जुन्या काळी तिथले गुराखी हजारो गुरं हाकत महिनोन्महिने चालायचे, उघड्यावर झोपायचे, पळालेलं जनावर दोरीचा फास टाकून धरायचे. कुणाकुणाचा नाताळही रानातच व्हायचा. त्यांची आठवण म्हणून लोक झाडाला बूट, फास आणि नाल टांगतात. नाल शुभ मानतात.

मामांनी निरोप दोनदा ऐकला. "म्हंजी हे बी आपल्यावानीच," ते म्हणाले. "आन त्येंची लेकरं कुठं ऱ्हायची?"

ते काही निरोपात नव्हतं.

त्या दिवसापासून मामांना वीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटत असावं. ओट्यावर ऐरण मांडून सकाळपासून ठोकाठोक चालायची. माझे बूट आणि फास नमुना म्हणून आधीच पास झाले होते. नालेचा नमुना काही मी मामांकडे मागितला नाही की बघितला नाही. फोटो दाखवला आणि सोडून दिलं. जन्मभर पत्र्या मारलेल्या माणसाला नाल काय शिकवायची?

पार्सल द्यायच्या दिवशी मी मामांचा डबा उघडला. नाल दोनशे होत्या, पण एकही अखंड नव्हती. प्रत्येक नालेच्या दोन फाका, एक डावी, एक उजवी, बारीक भोकं पाडून लाल दोऱ्याने जोडलेल्या. बैलाच्या पत्र्या. कारागिरी अशी की नजर हटू नये, आणि माझ्या कामाची एकही नाही.

"मामा, हे काय केलं?"

"फोटो चुकीचा व्हता," मामा शांतपणे म्हणाले. "गुराख्याचं काम हाय ना? ढोराचं खूर दुभंगलेलं आसतंय. एकसंध नाल ठोकली तर ढोर लंगडंल."

मी ओरडले. खोटं कशाला सांगू, सासऱ्यांवर ओरडले आणि वर रडलेही. मग सुरेखाताईंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "वैष्णवी, हा माल मी पुढे पाठवू शकत नाही. लोकांना वाटेल, नाल मोडलेली आहे."

मामांनी फोन माझ्या हातातून घेतला. "ताई, गुराखी गुरं राखतो का घोडी?"

"काका, तो बसतो घोड्यावर. नाल त्या घोड्याची."

"आन गुरांना?"

"गुरांना काही नसतं."

"एवढ्या लांब अनवाणी चालवितो?" मामांनी फोन कानाला लावून पुन्हा डोळ्यांसमोर धरला. "मंग लई वंगाळ मानूस हाय तुमचा."

सुरेखाताई हसल्या, आणि त्या हसण्यानेच आम्हाला वाचवलं. आठ दिवसांची मुदत दिली, त्याच्या वर एक दिवस नाही. मामांनी त्या दिवशी जेवताना माझ्याकडे पाहिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ओट्यावर ऐरण वाजली. आठ दिवस ते पुटपुटत होते, "दुसरी फाक न्हाई, उघडं उघडं दिसतंय," आणि एकसारख्या दोनशे नाल ठोकत होते. सायली शाळेतून आली की त्यांना एक-एक मोजून द्यायची. पार्सल गेलं. चौथ्या दिवशी सुरेखाताईंचा फोन आला की माल पास झाला, आणि पुढचं काम पोस्टाने निघालंय. मी फोन ठेवून मामांच्या पाया पडले. ओरडल्याबद्दल माफी मागायची होती, ती मात्र तोंडातून निघाली नाही.

दिवाळीनंतर टोळी निघाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळ्या, लेकरं. अभिमन्यू स्टिअरिंगवर बसला होता. मामा तोच नापास डबा घेऊन ट्रॉलीपाशी उभे राहिले आणि चढणाऱ्या एकेका बाईच्या हातात पत्र्यांचा एक-एक जोड देऊ लागले. "कोपीच्या दाराला टांग. वाट लांब हाय, पाय जपून." टोळीतल्या बायनाबाईने तो कपाळाला लावला. मीही पुढे होऊन हात पसरला.

मामांनी डब्याचं झाकण लावलं.

"तुला कावून? पत्री वाटंला लागलेल्याला मारत्यात," ते म्हणाले. "तू कुठं चाललीस, माय?"

मी हात मागे घेतला. ट्रॉली वळणापलीकडे जाईपर्यंत आम्ही दोघं उभे होतो. मग मी घरात जाऊन सायलीची वेणी घातली, कारण शाळेची वेळ झाली होती.