तिच्या दुखण्याला दिलेली ऊब

मी एक जुना इन्क्युबेटर आहे. मित्रांनो, दिसायला मी फ्रिजसारखा, पण माझं काम उलटं, ऊब देण्याचं. माणसाच्या शरीरात असते तेवढीच ऊब, ना कमी ना जास्त.

कारखान्यातून निघालो तो थेट या प्रयोगशाळेत आलो आणि उमेदीची वर्षं इथेच गेली. पाहुणे नव्या यंत्रांपाशी फोटो काढत आणि मला पाठ टेकून उभे राहत. मला त्याचं काही वाटत नसे, कारण माझ्या पोटात जिवंत ठेव होती.

ती ठेव शिवणकाम करणाऱ्या एका बाईची. गर्भाशयाच्या आत असतं तसलंच अस्तर तिच्या पोटात भलत्याच जागी वाढत होतं. या आजाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. महिन्याच्या महिन्याला ती मशीनवर डोकं टेकून कळा सोसायची. सासू म्हणायची, "बाईच्या जातीला एवढं चालायचंच." तिला मूल हवं होतं आणि डॉक्टर पिशवी काढायला सांगत होत्या.

तिच्या पोटातून काढलेल्या तुकड्यापासून आमच्या संशोधक ताईंनी जिवंत पेशींचे खसखशीएवढे गोळे वाढवले. औषधं आधी त्यांच्यावर घालून बघायची. एका औषधाने गोळे आक्रसू लागले. "थोडं थांबा, खात्री करू," ताई म्हणाल्या. डॉक्टर थांबल्या.

मग बाई स्वतः गोळे बघायला येणार असं ठरलं. ताईंना कोण आनंद झाला! त्यांनी मला आतून-बाहेरून स्पिरिटने लखलखीत पुसलं आणि वाफ उडून जायच्या आतच गोळे ठेवून दार लावलं. एरवी याच चुकीवरून त्या इतरांना रागवत. स्पिरिटची वाफ पेशींना विषासारखी, ती आत कोंडली. मला ओरडता आलं नाही. एकही गोळा वाचला नाही.

बाई आली, ती नवी साडी नेसून.

"माझ्या हातून घात झाला," ताई म्हणाल्या.

बाईने माझ्या रिकाम्या पोटात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "आता नाही हो थांबवत. पिशवी काढू द्या. तेव्हा पुन्हा तुकडा घ्या."

"आता तुम्हाला त्याचा काय उपयोग?"

"मला नाही. भाची आहे माझी, शाळेत जाते. तिलाही असंच दुखायला लागलंय."

मित्रांनो, तिच्या शस्त्रक्रियेत घेतलेला तो तुकडा आता माझ्या पोटात आहे. मला चकाकी नको, फक्त सांभाळून वापरा. आणि तुमच्या घरात कुणी पोट धरून बसली, तर तिच्याजवळ बसा आणि ती सांगेल ते खरं माना.