बेरेंडकाकांचा अंगठा

ओस्टरहामची पवनचक्की पुन्हा फिरली तेव्हा गावाने टाळ्या वाजवल्या खऱ्या, पण सगळ्यांचं लक्ष होतं बेरेंडकाकांच्या तोंडाकडे. चक्की त्यांच्या पणजोबांनी बांधलेली. विजेची गिरणी आली तेव्हा बाविशीतल्या काकांनीच ती बंद केली. पातं माथ्यावर पोचण्याआधी थांबवलं तर ती आनंदाची खूण, माथा ओलांडून थांबवलं तर दुखवट्याची, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. काकांनी तेव्हा माथा ओलांडून थांबवलं आणि पुन्हा म्हणून ती पायरी चढले नाहीत. पुढे तिथे खताची पोती राहिली आणि कबुतरं.

आता चक्की यांतिनाच्या हाती होती. शाळेत भूगोल शिकवता शिकवता ती चक्कीवाल्यांची परीक्षा पास झाली होती. पण बेकरीवाला हायको पक्का. म्हणाला, "काकांचा अंगठा पीठ चोळून हो म्हणाला तर वर्षभर तुझंच पीठ घेईन. नाहीतर तुझी चक्की फोटोपुरती!"

म्हणून चौऱ्याऐंशी वर्षांचे काका धापा टाकत वर आले. यांतिनाने प्रमाणपत्र पुढे केलं.

"ते भिंतीला लाव. हात दाखव."

तिने हात पुढे केले. उजव्या हातावर निळे ठिपके होते, कातडीत रुतलेल्या पोलादाच्या कणांचे. तीन महिने ती चक्कीच्या दगडांना टाकी लावत होती.

"डाव्या हातावर नाहीत ते? चुकारपणा केलास?"

"डावखुरी आहे मी, काका. मार उजव्यालाच बसतो."

"तरीच!" काकांनी आपली बाही वर सारली. त्यांच्या डाव्या हातावर तसेच ठिपके होते, फिकट झालेले. असे हात आता गावात दोघांचेच होते.

मग काकांनी पन्हळीतून पडणारं पीठ चिमटीत घेतलं आणि अंगठ्याने चोळत राहिले. काल चाचणीला काढलेलं पहिलं दळण तिने स्वतःच फेकलं होतं. दगड जास्त टेकले होते, पीठ गरम आलं होतं. आजचं तिला गार वाटत होतं, पण तिच्या वाटण्याला कोण विचारतो?

"कसं आहे, काका?"

काका वळले, बाहेरच्या सज्जात गेले आणि ब्रेकचा दोर त्यांनी हातात घेतला. यांतिना त्यांच्यामागे दारापर्यंत धावली.

"अहो काका, काय ते बोला की!" खालून हायको ओरडला.

पाती मंदावली. एक पातं माथा ओलांडून गेलं. दुसरं सावकाश वर चढू लागलं. काकांनी दोर सोडला, पुन्हा ओढला, आणि पातं माथ्याच्या हातभर अलीकडे थांबलं.

खाली हायकोने डोक्यावरची टोपी काढली. मग ती खिशात कोंबून विचारलं, "पोती किती भरलीत गं?"

यांतिना पोती मोजायला वळली. काकांनी पिठाचा अंगठा कोटाला पुसला नाही, तसाच ठेवला.

"वारा पडला नाही अजून," ते म्हणाले. "गावाला तासभर बघू दे. मग पुन्हा सुरू कर."