तराजूबाबा आणि गुरुजींचा अर्धा लेख

खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध ओंडक्यावर तोललेली लांब फळी, फळीवर शाल पांघरून उताणा निजलेला चेला आणि उशाशी तराजूबाबा ओरडत होते, "उतर माय गंगे, मस्तकात उतर!" बघता बघता चेल्याच्या डोक्याकडची बाजू खाली झुकली. बायांनी हात जोडले.

शेषराव गुरुजींनी जोडले नाहीत. ते शाळेत विज्ञान शिकवत. पण हात जोडण्याहून वाईट काम त्यांनी आधीच केलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी याच गर्दीला, कुणी विचारलं नसताना, त्यांनी समजावलं होतं, "यात चमत्कार नाही. मेंदू कामाला लागला की तिकडं रक्त जास्त धावतं. परदेशात यंत्रं लावून मोजलंय." इंग्रजी मासिकातला एक लेख त्यांनी वाचला होता, तोही अर्धा. बाबांनी लगेच आरोळी ठोकली, "सायन्सनंही मान्य केलं!" आणि गुरुजींची छाती वीतभर फुगली.

आज जिनिंगचा कापूस तोलणारा मापारी जानराव याला खाटेवर घालून आणलं होतं. अर्धांगवायूनं त्याचा उजवा हात गेला होता. डॉक्टर म्हणाले होते, हात रोज हलवा. बाबा म्हणाले, एकवीस दिवस हलवू नका, हलवला की मस्तकातली गंगा खाली वाहून जाते.

"धम्मदीक्षा घेतली तवाच आम्ही बुवा-बाबा सोडले होते, गुरुजी," त्याची बायको सिंधूताई म्हणाली. "तुमच्या शब्दावर आलो. एकवीस दिवस यांचा हात हलवला नाही. काऊन उठत नाही मंग?"

"रक्ताला... जरा वेळ लागतो," गुरुजी पुटपुटले. स्वतःचंच बोलणं त्यांना बाबांसारखं वाटलं.

खाटेवरून जानराव म्हणाला, "गुरुजी, वीस वर्सं काटा धरला म्या. काट्याले ना गंगा समजत, ना सायन्स. वजन सरकलं तरच थो झुकते. शालीखाली काय सरकून राह्यलं, ते पाहा."

गुरुजींनी शाल ओढली. चेल्याचे दोन्ही हात मांडीवरून सरकत छातीवर आले होते! मग त्याचे हात मांडीशी बांधून त्याला पुन्हा निजवलं. बाबांनी घसा बसेपर्यंत गंगेला हाका मारल्या, पण फळी ढिम्म हलली नाही.

"गंगा रुसली," म्हणत बाबा चपला शोधू लागले.

गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ते बोलले, "लोकहो, मेंदूकडे जास्तीचं धावणारं रक्त इतकं थोडं, की अशा फळीला त्याचा पत्ता लागायचा नाही. आणि मी वाचला तेवढा लेखही हात हलवण्यावरच होता. हात हलतो तेव्हा मेंदूत त्याच्या जागी रक्त वाढतं. मी शहाणा, हात हलवू नका म्हणणाऱ्याच्या बाजूनं साक्ष दिली! बाबाचं ऐकू नका, नुसतं माझंही ऐकू नका. शाल काढून पाहा, मग माना."

"आन् एकवीस दिवस?" सिंधूताईनं विचारलं.

 गुरुजी खाटेशी बसले आणि जानरावच्या उजव्या हाताचं एकेक बोट हलकेच उघडू लागले.