अंगदचा एक्स-रे, भागवतरावांची दाढ

भागवतरावांची चांगली दाढ वाचली, हे आधीच सांगून ठेवतो. आता ते विसरा. अजून काहीच घडलेलं नाही.

वाटूरचे भागवतराव ग्रामपंचायतीत लिपिक. कागद जोडल्याशिवाय काम होत नाही, यावर त्यांची श्रद्धा. तीन दिवस गाल धरून बसल्यावर ते बायकोला, नंदाबाईंना घेऊन परतूरच्या दवाखान्यात गेले, तेव्हा सोबत दातांचा एक्स-रेही नेला. धाकट्या भावाचा. दोन वर्षांपूर्वीचा.

"यावर अंगद लिहिलंय," डॉक्टर प्रियदर्शनी म्हणाल्या.

"सख्खा भाऊ हाये. जबडा बराबर सारखा. परत किरणं कशाला घेऊ अंगावर? खालची ही दाढ काढा जल्दी."

"काका, भावाचा सातबारा जोडला तर तुम्ही घरकुलाचा अर्ज घेता का?"

"बिलकुल न्हाई."

"मंग?" नंदाबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी दाढ ठोकून पाहिली. काही सापडेना. "दुखणं कधी कधी वरचं खाली जाणवतं. दोन दातांच्या मधली कीड, मुळाशी साठलेला पू नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. अशा वेळी एक्स-रे लागतो. आणि किरणं म्हणाल, तर एका दिवसात आपल्याला निसर्गातून आपसूक मिळतात, त्याहून जास्त नाहीत."

भागवतरावांनी दातांत एक्स-रेची पट्टी चावून धरली. पडद्यावर वरच्या-खालच्या दाढा उमटल्या. खालची ठणठणीत होती. वरच्या दाढेच्या फटीतली कीड थेट दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचली होती.

भागवतरावांनी खालच्या दाढेवरून जीभ फिरवली. "म्हंजी चांगली दाढ काढून घरी गेलो असतो, आन् ठणका तसाच."

"बत्तीस हायेत की," नंदाबाई म्हणाल्या. "एकेक काढत गेलं असतं तर सापडलीच असती."

भागवतरावांचं मन पालटलं, ते थेट दुसऱ्या टोकाला. "मंग हिचा बी एक्स-रे काढून टाका."

"काकूंना काय होतंय?"

"काही न्हाई."

"मग आधी तपासते. गरज दिसली तरच एक्स-रे."

नागरिकहो, धडा एवढाच: गरज असताना एक्स-रेला घाबरू नका, गरज नसताना हौस करू नका, आणि काढायचाच तर स्वतःचा काढा.

वरच्या दाढेवर उपचार सुरू झाले. दुसऱ्या दिवशी भागवतरावांनी जिल्ह्याला रीतसर अर्ज धाडला:

"विषय: दुखणाऱ्या दातांबाबत. जो दात किडला, त्याच दाताने दुखावे; पूर्वपरवानगीशिवाय अन्यत्र दुखू नये, असे आदेश सर्व संबंधित दातांना तात्काळ निर्गमित व्हावेत, ही नम्र विनंती."