मडमेच्या कठड्याची झिणझिणी

सहा वाजले, जुन्या चर्चची रोषणाई लागली आणि मागच्या दफनभूमीतल्या रांगेतली कुजबुज थांबली. मडमेची वेळ झाली होती.

दीडशे वर्षांपूर्वी पुरलेल्या एका गोऱ्या मडमेच्या थडग्याभोवती लोखंडी कठडा होता. संध्याकाळी त्याला हात लावला की कोपरापर्यंत झिणझिण्या येत. मडम रोग ओढून घेते, असं तिथले गुरू रघुपतीअण्णा सांगत. त्यांना हे खुद्द मडमेनं सांगितलं होतं, तेही कन्नडमधून. मेल्यावर शिकली असावी.

काल कावेरीनं हात लावला होता, तेव्हा झटका असा बसला की तिनं तो लगेच मागे ओढला. आज रांगेत पहिले होते तिचे सासरे खंडोजी. अर्धांगानं डावा हात लुळा, छातीत पेसमेकर. राजाजीनगराहून ते मोठ्या आशेनं आले होते.

"पाय धुवा आणि घट्ट धरा," अण्णा म्हणाले. "स्वल्प झिणझिणेल. जास्त झिणझिणलं तर जास्त कृपा."

अण्णा स्वतः जाड रबरी चपलांत उभे होते. गुरूंना सूट असते.

अडवावं तर मडम कोपेल, न अडवावं तर पुढचा विचार करवेना. तेवढ्यात गमबूट घातलेला चर्चचा राखणदार आला आणि खुशाल कठड्याला टेकून झाडांना पाणी घालू लागला. त्याला काहीच झालं नाही. तिनं घाबरत विचारलं, तर तो म्हणाला, आमची माणसं बूट घालून येतात, त्यांना मडम कधी शिवलेली नाही, तुम्हालाच धरते.

आपली माणसं मात्र थडगं दिसताच चपला काढतात. कावेरीनं खाली पाहिलं. रोषणाईच्या दिव्याची वायर कठड्याला घासून सोलली होती.

खंडोजींचा हात कठड्यापासून वीतभर होता. तिनं तो झटकला. सासऱ्यांचा हात झटकणारी सून पाहून रांग मडमेपेक्षा जास्त हादरली.

"दिवे बंद करा," ती राखणदाराला म्हणाली.

त्यानं मुख्य बटण बंद केलं, अंधार झाला. "आता सूड घेईल," अण्णा पुटपुटले. कावेरीनं ओल्या, अनवाणी पायांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. झिणझिणी नव्हती.

"आता दिवे लावू या," हात सोडून ती म्हणाली. "अण्णा, चपला काढून तुम्ही धरा."

अण्णांना एकदम देवनहळ्ळीची बस आठवली.

खंडोजींनी आपल्या लुळ्या हाताकडे पाहिलं. "मग माझा हात?"

"व्यायामानं, मामंजी. हळूहळू. मी रोज करवून घेईन."

"सरी, चालेल," ते म्हणाले.

वाचकहो, एखादी वस्तू झटका देऊ लागली, तर आधी वीज तोडा. नमस्कार नंतरही करता येतो. त्याला जिवंत माणूस लागतो.