‘येतो’ म्हणणारी माणसं

“निघताना ‘येतो’ म्हणालास? त्यांच्या भाषेत? अरे टोणग्या, इथे ‘येतो’ म्हणजे येतोच!”

मामा ओरडला तेव्हा त्याच्या तोंडात ब्रश होता. निम्मा फेस माझ्या शर्टावर उडाला. दुसऱ्या हातात फोन. माझ्या मुकादमाने नेमका दात घासायच्या वेळेला फोन करून त्याची खरडपट्टी काढली होती.

“तूच शिकवलंस,” मी म्हणालो.

“मी?”

“विमानतळावरून आणताना. ‘आपण घरी जे नम्रपणे बोलतो तेच इथल्या भाषेत बोलायचं, माणसं खूश होतात.’”

“दहावीचा एक धडा पाठ झाला नाही, आणि माझी वाक्यं बरी पाठ आहेत!” मग मामीकडे वळून, “ऐकलंस का गं?”

मामी ओट्यापाशी माझा डबा भरत होती. “ऐकतेय. खालच्या मजल्यावरचेही ऐकतायत.”

झालं होतं ते असं. मी शाळा सोडली, गावभर उनाडक्या केल्या, आणि कंटाळून आईने मला तिच्या भावाच्या गळ्यात मारलं. इथे मामाने भाषेच्या क्लासला घातलं. तिथेही बूड टिकेना. फळ्यावर ‘हे पेन आहे, ते टेबल आहे.’ अरे, दिसतंय ना! शेवटी मी स्वतःच एका घरसामान हलवणाऱ्या कंपनीच्या दारात जाऊन उभा राहिलो.

काल पहिला दिवस होता. आणि काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट मला एका झटक्यात आली. सोफा दारातून आडवा जात नाही, उभा करून गोल फिरवत न्यावा लागतो. आरशाला घोंगडी गुंडाळायची, कपाटाखालून पट्टा घालून तो खांद्यावर घ्यायचा, आणि जिन्यावर खालच्या माणसाने बोलायचं, वरच्याने फक्त ऐकायचं. मी खाली होतो. मी बोलत होतो. मोडकंतोडकं, पण कपाट कुठे घासलं नाही. मुकादमाला मी मनात ढोल्या म्हणतो. तो ड्रायव्हरला म्हणाला, “हा टिकेल.” माझ्याबद्दल असं आजवर कोणी म्हणालं नव्हतं. शाळेत तर उलटंच म्हणायचे, तेही आईला बोलावून.

संध्याकाळी सगळं गाडीत चढलं. ढोल्या म्हणाला, “तुझं काम झालं. हवं तर घरी जा, हवं तर तिकडे उतरवायला चल.” अंग ठणकत होतं. मी छान हसलो, म्हणालो, “येतो,” आणि कोपऱ्यावरून वळून घरी आलो.

आता आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हटलं की आई पाठीत धपाटा घालते. जाणारा माणूस ‘येतो’च म्हणणार. पण ढोल्याला वाटलं, पोरगं संडासला गेलंय, आलंच. गल्ली बोळकांडीएवढी, गाडी मधोमध, मागे गाड्यांची रांग, सगळे हॉर्नवर हात ठेवून बसलेले. आणि ढोल्या जिन्यात, संडासात, कचऱ्याच्या डब्यांमागे मला हाका मारत फिरतोय. तिकडे नव्या घरातली बाई पलंगाविना ताटकळत बसलेली.

“मी सांगून टाकलंय त्याला,” मामाने चूळ भरली. “पोरगा आजपासून येणार नाही. माफी मागितली मी, माफी! पुढच्या महिन्यात तू घरी जायचं, बाहेरून दहावीला बसायचं.”

“माझी नोकरी तू सोडलीस?”

“सोडली. हमाली करायला आणलं का तुला? इथे येऊन माणसाने कसं ॲक्टिव्ह आयुष्य जगायला हवं!”

हे ॲक्टिव्ह प्रकरण सांगायला हवं. मामाची सायकल गॅलरीत उभी असते. दोन गिअर का वीस, मला माहीत नाही, कारण सगळे मामाच्या वाळत घातलेल्या लेंग्यांखाली असतात. दर रविवारी त्याचं मंडळ तळ्याकाठी फिरायला जातं. आपलीच माणसं सगळी, नवेकोरे ट्रॅकसूट, आधी पोटं पोचतात, मागून माणसं. पहिला बाक दिसला की बसतात, डबे उघडतात, आणि इथलं आयुष्य किती ॲक्टिव्ह आहे यावर अंधार पडेपर्यंत बोलतात. उठताना एकमेकांना हात देऊन उठवतात. तेवढाच व्यायाम. इतकी वर्षं इथे राहून यांनी एक बाक झिजवला.

“तुझ्यापेक्षा तुझी सायकल जास्त ॲक्टिव्ह आहे,” मी म्हणालो. “निदान लेंगे तरी उचलते.”

मामीच्या हातातला चमचा पडला. हसली की घाबरली, कळलं नाही.

“बाहेर हो!” मामाचा आवाज फाटला. “आणि त्या हमालाकडे गेलास, तर संध्याकाळी हे दार उघडणार नाही!”

झालो बाहेर. डोकं सणकलं होतं. पण जाऊन करणार काय? ढोल्याने नाव कापलं असणार, आणि हे ‘येतो-जातो’चं त्रांगडं त्याच्या भाषेत उलगडून सांगण्याइतकी माझी जीभ वळत नाही. समोरच्या दाराची घंटा वाजवली.

समोर एक शिवणवाली राहते. केस पांढरे, जीभ कात्रीसारखी. मामाच्या पँटी तिच्याकडे जातात, कमरेत सैल करायला. मामा किती ॲक्टिव्ह आहे हे तिच्या टेपला बरोबर माहीत.

मी तिला हातवारे करकरून समजावलं. माणूस जातो. तोंडाने म्हणतो, येतो. खोटं नाही. चांगलं असतं. तिच्या ओठांत टाचण्या होत्या, त्या तिने एकेक करून काढल्या.

“म्हणजे तुझा मामा दर वेळी पँट देऊन ‘येतो’ म्हणतो, तेव्हा तो जात असतो?”

“हो.”

“मी दाराची कडी काढून ठेवते! पहिल्यांदा तर दोन कप चहा करून बसले होते, खुर्चीत झोप लागली. मला वाटलं, माणूस थापाड्या आहे. गिऱ्हाईक म्हणून बोलले नाही.”

बघा म्हणजे. मामा इतकी वर्षं सगळ्यांना मामा बनवत होता, आणि आज ढोल्याचा फोन येईपर्यंत खुद्द मामालाच पत्ता नव्हता. वर मला अक्कल शिकवत होता, तोंडात फेस आणून.

शिवणवालीने माझ्या फोनवरून ढोल्याला फोन लावला. फडाफडा बोलली. मधे मामाच्या पँटचाही उल्लेख आला, कारण हाताने तिने भलीमोठी कंबर दाखवली, फोनवरच्या माणसाला! पलीकडून ढोल्याचं हसणं मला जिन्यात ऐकू आलं. फोन ठेवून ती म्हणाली, “गाडी इकडूनच जाते आहे. खाली थांबतील. पण हॉर्न वाजला की लगेच. आज कोणी कोणाची वाट बघणार नाही.”

तेवढ्यात आमचं दार उघडलं. मामा. लेंगा, खांद्यावर टॉवेल. शिवणवालीला बघताच चेहऱ्यावर लोणी फासल्यासारखं हसू आणलं आणि त्यांच्या भाषेत सुरू झाला. भाचा नवीन आहे, अडाणी आहे, बोलायची रीत नाही, आपल्याला त्रास झाला, क्षमा असावी. भाषण संपलं. मग हात जोडून, मागे मागे सरकत, अतिशय नम्रपणे म्हणाला,

“येतो.”

त्यांच्या भाषेत. सकाळचा आरडाओरडा विसरून, सवयीने.

शिवणवालीने दार सताड उघडलं, बाजूला झाली आणि वाट बघत उभी राहिली.

मामाला काही कळेना. एक पाय घरात, एक बाहेर. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? खालच्या माणसाने बोलायचं, वरच्याने ऐकायचं, पण हा ऐकणाऱ्यातला नाहीच.

“काय बघतेय ती अशी?” मामा कुजबुजला.

“तुझी वाट,” मी म्हणालो. “बरीच वर्षं.”

मामी त्याच्या बगलेखालून बाहेर आली आणि डबा माझ्या हातात कोंबला. मामा गुरगुरला, “दार उघडणार नाही म्हणालोय मी!”

“किल्ली माझ्याकडे पण आहे,” मामी म्हणाली. मग मला, हळूच, “येतो म्हण रे. तसाच जाऊ नकोस.”

आता मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बुटाची नाडी बांधतोय. शिवणवाली अजून दार धरून उभी. मामा अजून अर्धा आत, अर्धा बाहेर. मामी माझ्या तोंडाकडे बघतेय.

“येतो, मामी,” मी म्हणालो. मराठीत. मामाला नाही म्हणालो. त्याला म्हणायचं ते संध्याकाळी ठरवू.

खाली हॉर्न वाजला. ढोल्याच. मला आता निघायला हवं.