डावीकडे झुकलेलं पान

मशीनला अपडेट टाकला की ते वेडं होतं, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण माझं ऐकतं कोण. मी दुसरी नापास, आणि मशीनला आठ सुया, एक स्क्रीन आणि स्वतःचं डोकं. असू दे. हा भरतकामाचा कारखाना मी उभा केलाय, आणि टाका खोटं बोलत असेल तर मला तो डोळे मिटूनही कळतो.

कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत इस्त्री, घड्या आणि गिऱ्हाईक. मागच्या खोलीत मशीन, आणि मशीनवर माझी पुतणी. तिला सगळे चिमणी म्हणतात. धाकट्या जावेची मुलगी. ती दीड वर्षाची असताना धाकटी गेली, दिरानं दुसरा संसार थाटला, आणि पोर माझ्या पदरात पडली. आता सव्वीस वर्षांची घोडी झालीय. मला मोठीआई म्हणते आणि माझ्याच तोंडावर उलटून बोलते. माझंच वळण.

आमच्या पाटीवर एक फूल आहे. पाच पाकळ्या, वरची जरा मोठी. प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात तेच फूल असतं आणि गिऱ्हाईक त्याच्यासाठीच येतं. एका नव्या हॉटेलनं उशांचे तीनशे अभ्रे मागवले होते, कोपऱ्यात फूल, बाकी पांढरे. शुक्रवारी द्यायचे होते. मंगळवारी सकाळी मशीन अडून बसलं, आधी अपडेट टाका म्हणे. चिमणीनं टाकला.

पहिला अभ्रा निघाला तो ती माझ्याकडे घेऊन आली. "मोठीआई, हे काय आहे बघ."

फुलाच्या देठाखाली एक पान होतं. बोटाच्या पेराएवढं, डावीकडे झुकलेलं.

"तूच काहीतरी दाबलं असशील."

"डिझाइनमध्ये पानच नाही, तर दाबणार काय, कपाळ?"

मी कापड उलटं केलं. मशीन धागा पात्यानं कापतं, त्याचं टोक सरळ येतं. फुलाचं टोक तसंच होतं. पानाचं टोक मात्र चावल्यासारखं, चपटं, तुसं निघालेलं. आणि ओलं. मी ते बोटांनी पुसलं आणि म्हटलं, "तेल गळतंय तुझ्या मशीनचं. माणूस बोलव."

तेल नव्हतं. तेलाला वास असतो.

दुपारी कंपनीचा इंजिनिअर आला. खांद्याला पिशवी, कपाळापासून मागे सरत चाललेले केस. "आजी, घाबरू नका. अपडेटनंतर होतं असं कधी कधी."

"आजी तुझ्या घरी. इथे बाई म्हणायचं. आणि असं होतं तर टाकायला कशाला लावता?"

"सुरक्षेसाठी, बाई."

"कोणापासून? उशीपासून?"

चिमणी हसली. तोही हसला, आणि जुना प्रोग्राम परत चढवला. दहा अभ्रे स्वच्छ निघाले. तो चहा पिऊन गेला. बुधवारी सकाळी आम्ही बघतो तर मशीननं अपडेट आपला आपण ओढून घेतलेला, आणि पहिल्याच अभ्र्यावर पान. या वेळी पानाला मधली शीरही होती.

तो परत आला. इंटरनेटची वायर काढली. जुना प्रोग्राम पुन्हा चढवायला गेला तर मशीन तो घेईना. मग नव्यावरच त्याची खटपट सुरू झाली. फुलाचं डिझाइन पुसून पुन्हा भरलं, पेन ड्राइव्ह बदलला, धागा बदलला, सुई बदलली. दर वेळी पान येतच राहिलं. शेवटी घाम पुसत म्हणाला, "बाई, मशीनच्या मेमरीत कुठलं तरी जुनं डिझाइन पडून राहिलंय. तुमचं हे फूल कधी पानासकट होतं का?"

चिमणी माझ्याकडे बघू लागली.

"नव्हतं," मी म्हटलं.

आता सांगतेच. ते फूल माझं नाही, धाकटीचं आहे. तिनं एका रुमालावर काढलं होतं, देठाखाली डावीकडे झुकणाऱ्या पानासकट. ती डावखुरी. तेव्हा घरात डाव्या हातानं सुई धरणारी ती एकटीच, आणि धागा दातांनी तोडणारीही तीच. "कात्री काय शोभेला ठेवलीय का?" असं मी तिला रोज टोचायचे. ती हसायची आणि पुढचा धागा पुन्हा दातांनीच तोडायची.

ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मशीन घेतलं. डिझाइन कॉम्प्युटरवर चढवणाऱ्याकडे मी तो रुमाल नेला, पण आदल्या दिवशी बसून पान उसवलं. भोकं मिटावीत म्हणून पाणी शिंपडून इस्त्री फिरवली. त्यानं विचारलं, कोणी काढलं? म्हटलं, मी.

म्हणजे ते पान कुठल्याच मशीननं कधी पाहिलं नव्हतं. मेमरीत राहायला आधी आत जावं तर लागतं. हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं, आणि एवढं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. चिमणीला दोन मोठ्या कारखान्यांतून बोलावणं आलेलं होतं. माझ्यासाठी तिनं दोन्ही टाळली होती. तिच्या आईच्या फुलाखाली मी माझ्या नावाची पाटी लावली हे कळलं असतं, तर ती कशाला राहिली असती?

मी पुढच्या खोलीत जाऊन घड्या घालू लागले.

चिमणीनं पानाचा फोटो पाठवला होता, त्यावर गुरुवारी हॉटेलच्या मॅडमचा फोन आला. पानवाला एकही अभ्रा चालणार नाही. इंजिनिअरनं मशीन मुळापासून कोरं केलं. "आता यात काहीच नाही, बाई. फूलही नाही. नुसता गोल देतो, बघू."

चौकटीत चिंधी ताणून बसवली. मशीननं गोल शिवला, पात्यानं धागा कापला.

"झालं," तो म्हणाला.

तेव्हा चौकट आपली आपण सरकली आणि गोलाखाली सुई उतरली.

मशीन इतकं हळू कधी चालत नाही. एक टाका, मग थांबणं, मग दुसरा. माणसाला धागा ओढून घ्यायला लागतो तेवढाच वेळ मध्ये.

"हे कंपनीचं शिवणं नाही," इंजिनिअर पुटपुटला. "मशीन जवळचा रस्ता धरतं. हे उलट्या बाजूनं चाललंय. डावखुरं माणूस शिवेल तसं." त्यानं बटण बंद केलं. स्क्रीन काळी झाली. सुई चालत राहिली, आणि पान पुरं झाल्यावरच थांबली.

पण मी सुईकडे बघतच नव्हते. मी चिमणीच्या हाताकडे बघत होते. लहानपणी मी तिला मारूनमुटकून उजव्या हाताची केली होती. आता तिचा डावा हात टेबलावर होता आणि बोट लाकडावर फिरत होतं, सुईच्याच वाटेनं, सुईच्या एक टाका पुढे. तिला त्याचं भान नव्हतं.

"चिमणे, हात बघ तुझा."

तिनं खाली पाहिलं आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"पान तुझ्या आईचं आहे," मी म्हटलं. "फूलही तिचंच. मी काढलेलं नाही."

इंजिनिअर पिशवीत काहीतरी शोधायला लागला. शहाणा माणूस.

"मग पान गेलं कुठे?"

"मी उसवलं. बघणाऱ्यानं विचारलं असतं, हा कोणाचा डावा हात म्हणून."

"आणि मी विचारायचे तेव्हा म्हणायचीस, तुझ्या आईच्या हातचं काही राहिलं नाही."

इस्त्रीच्या टेबलाच्या तळाच्या खणातून मी रुमाल काढून आणला. तिनं तो खिडकीशी उजेडात धरला. पानाच्या जागेची भोकं मी माझ्या हातानं मिटवली होती. ती सगळी उघडी होती, सुई आत्ताच निघून गेल्यासारखी. त्यांतून उजेडाचे ठिपके तिच्या गालावर पडले होते.

तिची पर्स दाराजवळच्या खिळ्याला होती. ती त्या दिशेनं गेली तेव्हा मी टेबलाची कड धरली. पर्समधून तिनं फक्त फोन काढला.

"मॅडम, फुलाला पान असणार आहे. ... नाही, चूक नाही, डिझाइनच तसं आहे. ... ज्यांनी काढलं त्यांना विचारून सांगतेय." बराच वेळ ती ऐकत राहिली, मग फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाली, "घेतील. पाटी उतरवायची."

"उतरवू."

"माझ्या आईचं नाव लावायचं."

"लावू."

"आणि मी कुठे जात नाहीये, उगाच तोंड पाडून उभी राहू नकोस. पण फार बोलूही नकोस माझ्याशी."

तिनं फूल पुन्हा भरलं, पान स्वतः काढून डिझाइनमध्ये घातलं आणि अभ्रे लावले. मशीन भराभरा चालू लागलं, मशीनसारखं. पहिला अभ्रा निघताच मी उलटा करून पाहिला. पानाच्या धाग्याचं टोक सरळ कापलेलं होतं. बोटांत चोळलं. कोरडं. मला वाटलं होतं, जिवाला बरं वाटेल. मी दुसराही उलटा करून पाहिला, तिसराही.

तिसऱ्याच्या कडेला एक धागा लोंबत राहिला होता. चिमणीनं तो अभ्रा माझ्या हातातून घेतला. कात्री तिच्या मांडीवरच होती. तिनं कापड डाव्या हातानं तोंडाशी नेलं आणि धागा दातांनी तोडला.

तेच जुनं वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी गिळलं, आणि इस्त्री तापायला लावली.